माळावरचा मुक्काम : लहान मुलांसह घोड-भीमेच्या काठी

पुण्यातल्या एखाद्या घरात ‘या सुटीत मुलांना घेऊन कॅम्पिंगला जाऊ’ असं ठरलं की गाडीचं तोंड आपोआप पश्चिमेकडे वळतं. पवना, मुळशी, फार तर भंडारदरा. डोंगर, धुकं आणि धरणाच्या काठानं ओळीत लावलेले रंगीत तंबू. पूर्वेला, नगर रस्त्यानं किंवा सोलापूर रस्त्यानं, मुलांना मोकळ्यावर झोपवायला म्हणून निघालेलं कुटुंब मात्र सहसा दिसत नाही. शिरूर म्हणजे रांजणगावचा महागणपती आणि एमआयडीसी, दौंड म्हणजे रेल्वेचं जंक्शन आणि साखर कारखाने, एवढ्यावरच आपली ओळख थांबलेली असते. हे पुस्तक या दोन तालुक्यांचं आणि त्यांच्या शेजारपाजारच्या गावांचं आहे. दहा वर्षांखालच्या मुलांना घेऊन एक-दोन रात्री उघड्यावर काढू पाहणाऱ्या आईबापांसाठी ते लिहिलं गेलं आहे. याच मुलखाची निवड का केली, हे आधी सांगायला हवं, कारण पुस्तकाचं सगळं म्हणणं त्या निवडीत आहे.

हा पर्जन्यछायेचा प्रदेश. लोणावळ्याला चार हजार मिलिमीटरच्या पुढं जाणारा पाऊस इथं येईस्तोवर वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास उरतो. उत्तरेला कुकडी आणि घोड, मध्ये भीमा. वाळकीच्या संगमावर पुण्याचं पाणी घेऊन आलेली मुळा-मुठा भीमेला मिळते. नद्यांच्या नि कालव्यांच्या कडेनं ऊस, त्यापलीकडं ज्वारीची काळी रानं आणि त्याहून वर मुरमाड, गवताळ माळ. डोंगर फारसे नाहीत. छायाचित्रात भरावं असंही फार नाही. पण चार वर्षांच्या मुलाच्या बाजूनं बघितलं, तर सह्याद्रीतल्या गडापेक्षा हा माळ कितीतरी मोठा आहे. गडाच्या वाटेवर मूल सतत कुणाच्या तरी हाताला धरलेलं असतं. ‘इकडं नको, तिकडं नको, कडेला जाऊ नकोस’ यातच त्याचा दिवस सरतो. उघड्या माळावर त्याला शंभर पावलं एकट्यानं चालू देता येतं आणि तरी ते नजरेआड होत नाही. ते चालतं, बसतं, मुंगळ्यांची रांग बघत अर्धा तास घालवतं. एवढ्या वेळात मोठ्यांचं एखादं शिखर सर झालं असतं. लहान मुलांबरोबर बाहेर पडायचं ते ठिकाणं गाठायला नाही, एका जागी राहायला, ही या पुस्तकाची भूमिका आहे आणि मला ती मनापासून पटते. एका जागी राहायला असा सपाट, कोरडा, घराजवळचा मुलूख चांगला.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. या दोन तालुक्यांत लहान मुलांना घेऊन उघड्यावर राहणं ही आज सुरू झालेली हौस नाही. दिवाळीनंतर इथल्या रानांतून धनगरांचे वाडे हलू लागतात. चार-सहा बिऱ्हाडं, मेंढरं, कुत्री आणि घोडी. घोडीच्या पाठीवर भांडीकुंडी, वाकळा, कोंबड्या, नुकती व्यालेली कोकरं आणि त्या सगळ्याच्या वर नीट बांधून बसवलेलं दीड-दोन वर्षांचं पोर. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, कारण त्यांच्या लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं. त्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. दोन-चार दिवसांनी वाडा पुढं सरकतो.

कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात असा वाडा उतरताना जवळून बघण्यासारखा असतो. बाई आधी वारा कुठून येतोय ते बघते आणि चूल त्याच्या आडोशाला मांडते, म्हणजे धूर आणि ठिणगी पोरं झोपतील तिकडं जात नाही. तीन दगड जुळले की उजेड आहे तोवरच भाकरी उरकतात. अंधारात चुलीशी खेळ नको. कोकरं वाघरीच्या जाळीत कोंडली जातात. पोरांच्या वाकळा मधोमध पडतात, बायामाणसं त्यांच्या दोन्ही अंगांना, पुरुष मेंढरांच्या कडेला आणि कुत्री सगळ्यांच्या बाहेर. रांगत्या पोराच्या पायात घुंगराचे वाळे असतात. पोर हललं की आवाज होतो आणि पाठमोऱ्या आईला ते कुठं आहे ते कळतं. यातली एकही गोष्ट विकत आणलेली नाही आणि एकही उगाच केलेली नाही. आज महागडे तंबू घेऊन निघणाऱ्या आईबापांना ज्या गोष्टी शिकवायला लागतात (जागा कशी निवडावी, चूल कुठं मांडावी, मुलानं कुठं झोपावं), त्या सगळ्या त्या अर्ध्या तासात डोळ्यांसमोर घडतात. पुस्तकाच्या संपादकांनी या ज्ञानाला मान दिला आहे, ते दुसऱ्या कुणाच्या नावावर खपवलेलं नाही, याचं मला विशेष वाटतं.

पण याच ठिकाणी सावध राहायला हवं. वाड्यावरचं मूल उघड्यावर झोपतं ते पोटासाठी. त्याची शाळा बुडते, पावसात ते भिजतं, बिबट्याची पहिली झडप त्याच्या कुत्र्यावर किंवा कोकरावर पडते. ऊसतोडीच्या हंगामात बीड-नगरकडून आलेली कुटुंबं दौंड आणि शिरूरच्या कारखान्यांच्या आवारात, उसाच्या फडाच्या कडेला कोप्या घालून चार-पाच महिने राहतात. आई पहाटे फडात जाते आणि तान्हं मूल कडेच्या झाडाला बांधलेल्या झोळीत असतं. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, तरीही किती मुलं शाळेपासून तुटली याची खंत कायम आहे. याला निसर्गाच्या सान्निध्यातलं बालपण म्हणणं हा अन्याय होईल. सुटीत दोन रात्री तंबूत काढणाऱ्याला परत जायला पक्कं घर असतं, हा फरक एका क्षणासाठीही विसरू नये. शिकायचं जरूर, पण त्यांच्या कष्टांचं चित्र काढून भिंतीवर लावायचं नाही.

सक्तीशिवाय, आनंदानं घराबाहेर राहण्याचीही आपली जुनी रीत आहे. जेजुरीला, कुलदैवताला किंवा गावोगावच्या जत्रांना बैलगाडीनं निघालेली कुटुंबं वाटेत ओढ्याकाठी गाडी सोडत आणि गाडीखालीच झोपत. कार्तिकात आवळीभोजन म्हणून सगळं घर रानात जेवायला जाई. प्लेगच्या साथीत तर गावंच्या गावं शेतात झोपड्या घालून राहिली. पुष्कळ घरांत त्या दिवसांच्या गोष्टी आजी-पणजीच्या तोंडून पुढच्या पिढ्यांपर्यंत आल्या आहेत.

आणि वारी. संत तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठात लोणी काळभोरहून दौंड तालुक्यात येते. यवतला मुक्काम, मग वरवंडला, पुढं पाटस ओलांडून रोटी घाट चढून उंडवडी गवळ्याची. यवतच्या मुक्कामात गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. गावातल्या घराघरांतून भाकऱ्या येतात आणि पिठलं मोठाल्या कढयांत शिजतं. दिंड्यांच्या राहुट्या पटांगणात, शाळांच्या आवारात, रस्त्याकडेच्या रानात पडतात. त्यांत लहान मुलं असतात, अगदी खांद्यावरची सुद्धा. शेकडो माणसांच्या तळावर पाणी कसं पुरवायचं, मुलांना चुकू कसं द्यायचं नाही, भिजलेलं अंथरूण दुसऱ्या दिवशी कसं वाळवायचं, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यांत मोठं चालतंबोलतं विद्यापीठ दरवर्षी याच रस्त्यानं जातं. कॅम्पिंगवरच्या मराठी लेखनात त्याचा उल्लेखही नसावा, हे मला नेहमी खटकत आलं आहे.

आता सुशिक्षित, शहरी परंपरेकडं येऊ. बेडन पॉवेल यांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर भरवलं आणि तिथून स्काउटची चळवळ जगभर गेली. आपल्याकडं वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन १९५० मध्ये भारत स्काउट्स आणि गाइड्सची स्थापना झाली. लहान मुलांसाठी कब आणि बुलबुलची पथकं आली. गाठी मारणं, तंबू ठोकणं, शेकोटीभोवती गाणी, हे आपल्या पिढ्यांनी शाळेत शिकलं ते तिथून. १९४१ पासून राष्ट्र सेवा दलाच्या शिबिरांनी त्यात श्रमदान आणि समतेचा विचार मिसळला. या प्रवाहानं शिस्त दिली, सोबत दिली. मात्र त्यात कुटुंब नव्हतं. आईबाप मुलाला शिबिराच्या दारात सोडून परत फिरत.

दुसरा प्रवाह गडकोटांचा. गो. नी. दांडेकर आणि बाबासाहेब पुरंदरे यांनी मराठी मध्यमवर्गाला किल्ल्यांची ओढ लावली. १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या गिरिप्रेमीसारख्या संस्थांनी त्या ओढीला गिर्यारोहणाचं शास्त्र दिलं. आज कितीतरी तरुण आईबाप या परंपरेतून आलेले आहेत आणि त्यांचा उत्साह मोठा असतो. पण गडाची संस्कृती चढण्याची आहे. तिथं वेळ मोजला जातो, अंतर मोजलं जातं आणि सहा वर्षांच्या मुलानं अमुक किल्ला सर केला याचं कौतुक होतं. त्या मुलाला काय दिसलं, हे क्वचित विचारलं जातं. मी या परंपरेचा ऋणी आहे, तरीही लहान मुलांच्या बाबतीत तिची मोजमापं बाजूला ठेवावीत असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या प्रवाहाशी मात्र या पुस्तकाचं खरं नातं आहे आणि गंमत म्हणजे तो प्रवाह पर्यटनातला नाहीच. तो बालशिक्षणातला आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी लहान मुलाच्या हालचालीला, त्याच्या निवडीला, त्याच्या मंद गतीला शिक्षणात जागा दिली. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ यांच्या साथीनं पुढं कोसबाडच्या टेकडीवर काम उभं राहिलं. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा! मुलं गुरांवर लक्ष ठेवत आणि बिया, पानं, खडे यांच्यातून मोजायला, लावायला, ओळखायला शिकत. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात रानातल्या बालवाड्या सुरू झाल्या आणि आज जगभर त्यांचं कौतुक होतं. आपल्याकडं त्याच सुमाराला कोसबाडला जे घडत होतं त्याची आठवण करून द्यावी लागते. शिरूर तालुक्यातच, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं करता करता शिकायचं, हा त्याचा गाभा. तिथं घडलेला लोखंडी सांगाड्याचा घुमटाकार निवारा ‘पाबळ डोम’ म्हणून ओळखला जातो. तंबूची काठी नीट रोवण्यासाठी धडपडणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला निवारा म्हणजे काय हे कळायला लागतं, तेव्हा तिचं शिक्षण याच रस्त्यावर असतं.

गेल्या वीस वर्षांत कृषी पर्यटन उभं राहिलं. २००५ च्या सुमाराला शेजारच्या बारामती तालुक्यात पांडुरंग तावरे यांनी त्याला संघटित रूप दिलं आणि २०२० मध्ये राज्य सरकारचं कृषी पर्यटन धोरण आलं. शिरूरमध्ये मोराची चिंचोली हे त्याचं सर्वांत ठळक उदाहरण. चिंचेची झाडं, अंगणापर्यंत येणारे मोर आणि घरच्या चुलीवरचं जेवण. हिवाळ्यात या पट्ट्यात हुरड्याचा हंगाम असतो. शेणकुटांच्या आगटीत ज्वारीची कोवळी कणसं भाजायची आणि हातानं चोळून गरम दाणे पाखडून पोरांच्या ओंजळीत द्यायचे. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. दाणा कधी दुधाळ असतो, कधी निबर होतो, हे शेतकऱ्याला कणीस दाबून कळतं आणि दोन दिवस तिथं राहिलेल्या मुलालाही कळायला लागतं. दुर्दैवानं बऱ्याच ठिकाणी हुरड्याची ‘पार्टी’ झाली आहे: भोंगा, रेन डान्स आणि दुपारी चारला परतीची गाडी. त्या गर्दीत मूल शेतात येऊनही शेतापासून लांबच राहतं. ज्या शेतकऱ्यांनी हे टाळलं, रात्रीच्या मुक्कामाला मोजकीच कुटुंबं घेतली, त्यांच्याकडं या पुस्तकाचा ओढा आहे. तंबू भाड्यानं देण्याचा धंदा, साहसी पर्यटन आणि कॅराव्हॅनची २०२१ मधली धोरणं, हे सगळं त्याच काळातलं. अमेरिकेत सरकारी उद्यानांत तंबूची जागा आधीच राखून ठेवून मुलांसह जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी इथल्या भावंडांना त्याची चटक लावली, हाही एक धागा आहे.

हे सगळं आजच का बोलायचं? कारण मुलांचं बाहेर असणं झपाट्यानं कमी झालं आहे आणि त्याचे परिणाम मोजले जाऊ लागले आहेत. चीनमधल्या ग्वांगझौ शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्तीची बाहेर घालवायला दिली. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचा दोष (मायोपिया) आला होता. नेहमीचं वेळापत्रक चालू ठेवलेल्या शाळांमध्ये तेच प्रमाण ३९.५ टक्के होतं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं की तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून किमान तीन तास हालचाल करावी आणि पडद्यापुढं एका तासाहून जास्त बसू नये. वाघोलीच्या दहाव्या मजल्यावरचं मूल असो की शिक्रापूरच्या भाड्याच्या खोलीतलं, या दोन्ही अटी पाळणं त्याच्या आईबापांना अवघड जातं.

शिक्रापूरचं नाव मुद्दाम घेतलं. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभच्या कारखान्यांत काम करायला मराठवाड्यातून, विदर्भातून, परराज्यांतून आलेली हजारो कुटुंबं इथं एका-दोन खोल्यांत राहतात. गावाकडं त्यांच्या मुलांना रान होतं. इथं कंपनीची भिंत आणि रस्त्यावरचे कंटेनर. त्यांना आठवड्यात एक सुटी मिळते आणि जवळ मोटारसायकल असते. पुण्याच्या चारचाकीवाल्या कुटुंबाइतकंच, किंबहुना अधिक, हे पुस्तक त्यांचं असावं असा आग्रह मी संपादकांकडं धरला होता. त्यांनी तो मानला. म्हणून यातल्या सामानाच्या याद्यांत ताडपत्री, सुती दोरी, मच्छरदाणी आणि घरातल्या गोधड्या आहेत, आणि पुष्कळ मुक्काम रेल्वेनं गाठता येतील असे आहेत. पुणे-दौंड लोकलचा प्रवास लहान मुलांसाठी स्वतःच एक सहल आहे. मांजरी, लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस अशी स्टेशनं मोजत, खिडकीबाहेर ऊस नि काळं रान बघत दौंडला पोचायचं. १८५८ पासून या मार्गावर गाड्या धावताहेत.

धोक्यांबद्दल प्रस्तावनेतच बोलणं भाग आहे, कारण या मुलखातले धोके पवनेच्या काठचे नाहीत.

पहिला बिबट्या. जुन्नर वनविभागात शिरूर तालुका येतो आणि घोड, कुकडी, मीना यांच्या काठच्या बागायतीत बिबटे उसातच जन्मतात, उसातच वाढतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांसह माणसं गेली, आणि लोक रस्त्यावर उतरले. ज्या आईबापांचं मूल गेलं त्यांच्या गावाशेजारी आपण हौसेनं तंबू ठोकायचा नाही, हा माणुसकीचा भाग झाला. शास्त्रही तेच सांगतं. बिबट्या भक्ष्याचा आकार बघतो. वाकलेलं, बसलेलं, एकटं लहान मूल त्याला सोपं वाटतं. म्हणून या पुस्तकात उसाला लागून असलेली एकही जागा मुक्कामाला सुचवलेली नाही. ज्या जागा आहेत त्या उघड्या माळावरच्या, किंवा शेतकऱ्याच्या घराला लागून, कुंपणाच्या आतल्या आहेत. तिथंही अंधार पडल्यावर मूल लघवीलासुद्धा एकटं जाणार नाही, हा नियम मोडायचा नाही. बिबट्या दिसला किंवा ठसे दिसले तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

दुसरा धोका पाण्याचा, आणि माझ्या मते तो बिबट्याहून मोठा आहे. भीमेच्या पात्रात वाळू उपशानं खोल खड्डे झालेत. वरून गुडघाभर दिसणारं पाणी दोन पावलांवर पुरुषभर होतं. मुळा-मुठेनं आणलेली घाण आणि जलपर्णी वेगळीच. निघोज-टाकळी हाजीचे रांजणखळगे मुलांना दाखवावेत असेच आहेत: कुकडीच्या पाण्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेले खोल रांजण. पण ते हात धरून, लांबून, कोरड्या दिवसांत. आणि शेततळं! हिरव्यागार पाण्याचं, चौकोनी, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं मुलांना तरणतलावासारखं वाटतं. त्या ओल्या कागदावर पाय ठरत नाही. एकदा आत घसरलेला पोहणारा माणूससुद्धा काठाला हात न लागता थकून बुडतो. मुक्कामाला गेल्यावर सामान उतरवण्याआधी विहीर आणि शेततळं कुठं आहे ते बघून यायचं, कुंपण आहे का ते बघायचं. नसेल तर ती जागा आपली नाही.

साप-विंचवाबद्दल भीती फार आणि माहिती कमी. इथं घोणस आहे, फुरसं आहे, नाग आहे. पण जमिनीवर झोपणाऱ्यानं सर्वांत ओळखून असावं ते मण्यारीला. ती रात्री हिंडते, तिचा दंश फारसा दुखत नाही, खूण कधीकधी सापडतही नाही. मूल झोपेतून उठून पोटात दुखतंय म्हणालं, त्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या, तर सकाळची वाट बघायची नाही. चेन पूर्ण लागणारा तंबू, नाहीतर बाज आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी, हा त्यावरचा खरा उपाय. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार शोधला आणि कितीतरी मुलं वाचली. पण तो उपचार दवाखान्यात होतो, मांत्रिकाकडं नाही. मुक्कामाच्या प्रत्येक जागेपासून सरकारी दवाखाना किती अंतरावर आहे हे पुस्तकात दिलंय आणि १०८ ला फोन करताना जागा कशी सांगायची तेही. उन्हाळ्यात दुपारी मुलांना उघड्या माळावर ठेवू नये, मीठ-साखरेचं पाणी हाताशी असावं आणि थंडी कितीही असली तरी पेटती शेगडी तंबूत घेऊ नये, एवढं इथं पुरे.

इतके धोके वाचून कुणी पुस्तक मिटवेल अशी भीती संपादकांना वाटली होती. मला वाटत नाही. धोका कुठं आहे हे नेमकं माहीत असलेले आईबाप मुलाला बाकीच्या शंभर ठिकाणी मोकळं सोडू शकतात. ज्यांना माहीत नसतं ते प्रत्येक ढेकळाला घाबरतात.

हा मुलूख मुलांना काय देतो, याचं उत्तर ऋतूगणिक वेगळं आहे आणि पुस्तक त्याच अंगानं जातं. उजनीचं पाणी उतरायला लागलं की दौंडच्या पूर्व टोकाला आणि भिगवणच्या बाजूला चिखलाची मैदानं उघडी पडतात आणि रोहित पक्षी येतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब आणि चक्रवाकही हिवाळ्यात इथंच. पहाटे नावेत बसलेल्या मुलाला पक्ष्यांची नावं सांगण्याची घाई करू नये. ते आधी चोच बघतं, मग पाय, मग उडताना पंखाखालचा रंग. नाव त्याला नंतर स्वतःहून लागतं. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दिसतो. गवताळ माळांवर लांडगा, खोकड, धाविक, चंडोल. वनविभागानं जवळच्या इंदापूर-बारामतीच्या गवताळ प्रदेशात सफारी सुरू केली आहे. पडीक म्हणून ज्याची हेटाळणी झाली तो माळ पाहण्यासारखा आहे, हे उशिरा का होईना लक्षात आलं. अभयारण्यात आणि वनजमिनीवर परवानगीशिवाय रात्रीचा मुक्काम करता येत नाही, आणि तो करूही नये.

हे पुस्तक सर्वांगीण मार्गदर्शक असल्याचा दावा करत नाही. त्यात गडांवरचे मुक्काम नाहीत, महागड्या सामानाच्या तुलना नाहीत, सिद्धटेक-रांजणगावच्या यात्रेची माहितीही जुजबीच आहे, कारण ती इतरत्र भरपूर मिळते. अपंग मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबांसाठी यात थोडंच आहे. पुढच्या आवृत्तीत ते वाढावं असं मी संपादकांना सुचवलं आहे. मात्र मूल रात्री रडलं तर काय करायचं, अंथरुणात ओलं केलं तर दुसऱ्या दिवशी काय, सासूबाईंना बरोबर न्यायचं का (न्यायचंच, असं पुस्तक म्हणतं, आणि बाज त्यांच्यासाठी राखायची), या प्रश्नांना यात जितकी जागा मिळाली आहे तितकी मी दुसरीकडं पाहिलेली नाही. मुलांनी स्वतः काढलेल्या नकाशांचा भाग मला सर्वांत आवडला. त्या नकाशांत नदीपेक्षा कुत्रं मोठं आहे आणि ते तसंच छापलं आहे.

शेवटी एक सूचना, जी संपादकांनी मला आवर्जून लिहायला सांगितली. पुस्तकातले बहुतेक मुक्काम खासगी शेतांत आहेत. शेतकऱ्यांचे फोन नंबर त्यांच्या परवानगीनं दिले आहेत. निघण्याआधी फोन करावा, कारण कापणी, पाण्याची पाळी किंवा घरातलं लग्नकार्य पुस्तकाला ठाऊक नसतं. ज्वारी-गव्हाची कापणी सुरू झाली, कडबा आणि काड रानात पडलं की, म्हणजे फेब्रुवारीपासून पुढं, चूल फक्त घराजवळच्या मोकळ्या अंगणात पेटवावी आणि विझवताना पाणी ओतून राख हातानं चाचपून बघावी. जेवणाचे, पाण्याचे, जागेचे पैसे आधी ठरवून रोख द्यावेत. आणि पावसाळ्यात काळ्या रानात गाडी घालू नये. ती ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागते आणि शेतकऱ्याच्या रानात पडलेल्या चाकोऱ्या पुढच्या नांगरटीपर्यंत तशाच राहतात.